जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस भंगारात घालायच्या आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात माळ्यावरनं दोन वस्तू खाली आल्या. एक आजोबांचा बेंच व्हाइस, आजोबा मागाचे फिटर, आसपासच्या पॉवरलूमचं सगळं बारीकसारीक ह्याच व्हाइसमधे धरून घासायचे, आणि दुसरा माझा कॉलेजातला पेंटियम फोरचा डबा. व्हाइसचा स्क्रू गंजून असा धरलेला की दांडीला लोंबकळलो तरी हलेना, आणि डबा तर किती वर्षांत सुरूच केला नव्हता. आई म्हणाली दोन्ही घाल भंगारात, जागा तरी होईल. भंगारवाला अण्णा आला, व्हाइस उचलून वजनाचा अंदाज घेतला, डबा पायानंच जरा सरकवला, आणि मी आयत्या वेळी नाही म्हटल्यावर वैतागून विचारतो, "इदन्न इटगोंडु एन माडतीरी?" म्हणजे हे ठेवून घेऊन करणार काय. तेव्हा काही बोलता आलं नाही, आता सांगतो काय केलं, म्हणजे तुमच्याकडं असंच काही पडलेलं असेल तर तुम्हाला पण जमेल.

डब्यातला मदरबोर्ड गेला होता पण एसएमपीएस जिवंत होता. एसएमपीएस म्हणजे मागच्या बाजूला पंखा असलेली लोखंडी पेटी, चार स्क्रू काढले की बाहेर येते. ही पेटी म्हणजे घरबसल्या 12 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि 3.3 व्होल्टचं चांगलं दमदार डीसी, बाजारात असं नवीन पॉवर सप्लाय घ्यायला गेलं तर खिसा हलका होतो. त्याच्या करंटवर, बादलीतल्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, मी आधी व्हाइसचा गंज काढला आणि मग तशीच पाण्यात करंट सोडून ताईच्या नव्या घरासाठी पितळी पाटी कोरली. एकच पेटी, एकच बल्ब, दोन कामं. बल्ब कुठनं आला ते पुढं सांगतो, खरी गंमत त्यातच आहे.

आधी पेटी. एक गोष्ट पक्की करा, पेटी उघडायची नाही. आत 230 व्होल्टचं डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातं आणि वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे ते बराच वेळ बसून असतं. आपल्याला आत काही कामच नाही, सगळं बाहेर आलेल्या वायरींवर होतं. रंग असे: काळ्या सगळ्या ग्राउंड म्हणजे आपलं वजा, पिवळ्या 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3, जांभळी एकच असते ती स्टँडबायचं 5 व्होल्ट, म्हणजे पेटी चालू केली नसली तरी येणारं, आणि हिरवी पण एकच, ती चालू करायची. अर्थिंग असलेल्या थ्री पिन सॉकेटमधे लावा (अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हे धंदे करू नका, आमच्या जुन्या घरात मला आधी ते करून घ्यावं लागलं) आणि मल्टिमीटरनं जांभळी-काळीवर बघा. 5 व्होल्ट आले तर पेटीत जीव आहे. मग प्लग काढा, हिरवी आणि जवळची एक काळी वायर जोडा, पेपर क्लिप वाकवून कनेक्टरमधे घातली तरी चालते, परत प्लग लावा, पंखा फिरला पाहिजे. काही पेट्या लोड नसला की फिरून लगेच बंद पडतात, तशी पडली तर जुनी हार्डडिस्क नाहीतर सीडी ड्राइव्ह लावून ठेवा, तेवढा लोड पुरतो. एकच सावधगिरी, काही ब्रँडेड कंपन्यांच्या जुन्या मशिनींत वायरीचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवून पुढं जाऊ नका, प्रत्येक वायर मीटरवर बघून मगच जोडा.

आता बल्ब. पेटीच्या पिवळ्या वायरीत भरपूर करंट असतो आणि दोन वायरी चुकून एकमेकांना लागल्या की पेटी स्वतःला वाचवायला टपकन बंद पडते, मग प्लग काढा, थांबा, परत लावा, असा खेळ रात्रभर. स्वस्तातली पेटी असेल तर बंद न पडता जळते पण. त्याच्यावर उपाय असा की गाडीच्या ब्रेकलाईटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब पिवळ्या वायरीच्या मधे सिरीजमधे जोडायचा, म्हणजे सगळा करंट आधी बल्बातनं आणि मग पुढं. गॅरेजवाल्याकडं जुना होल्डर बल्बासकट मिळतो, आमच्या गल्लीच्या तोंडाच्या गॅरेजवाल्यानं तर पैसेच घेतले नाहीत, कशाला पायजे म्हणून विचारत बसला तेवढंच. ह्या बल्बातनं जास्तीत जास्त पावणेदोन अँपियर जातो, पलीकडं कितीही शॉर्ट होऊ दे. आणि तो बोलतो. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे कुठंतरी शॉर्ट झालंय, मंद लाल असला म्हणजे काम सुरळीत चाललंय, अजिबात नसला म्हणजे कुठंतरी जोड सुटलाय किंवा गंजाच्या थरावर चिमटा बसलाय. रात्री उठून बादलीत डोकवायची गरज नाही, खिडकीतनं बल्ब बघायचा.

व्हाइसकडं येऊ. आधी तो खोलायला लागतो, आणि तोच सगळ्यात मोठा व्याप. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल अर्धं अर्धं करून स्क्रूच्या आट्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ सोडलं, चार दिवस, मधेमधे दांडीच्या टोकाला लाकडी मोगरीनं हलकेच टोले. हातोडा मारू नका, व्हाइसचं अंग बीडाचं असतं, बीड वाकत नाही, फुटतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी कट्ट असा आवाज झाला आणि दांडी चतकोर फिरली, मी आईला हाक मारली तर ती म्हणे मला वाटलं तू पडलास.

सुटा झाला की एकेक भाग बादलीत. वीस लिटरची प्लास्टिकची बादली, पाणी, आणि लिटरला साधारण दहा ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे भरलेल्या बादलीला दोनशे ग्रॅम. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. मीठ घालायचा मोह होतो कारण मिठानं करंट झटकन वाढतो, पण मिठाच्या पाण्यातनं क्लोरीन निघतो, तो घरात नको. बादलीच्या कडेनं साध्या लोखंडाच्या सळया उभ्या करायच्या, बांधकामावरचे दहा एमएमचे तुकडे चालतात. स्टीलचे चमचे, स्टीलच्या पट्ट्या अजिबात वापरू नका, स्टेनलेसमधे क्रोमियम असतं आणि ते विषारी रूपात पाण्यात उतरतं, बऱ्याच व्हिडिओत लोक बिनधास्त वापरताना दिसतात म्हणून मुद्दाम सांगितलं. गॅल्व्हनाइज पाइप पण नको. सगळ्या सळया वायरीनं एकमेकींना जोडून बल्बामार्गे पिवळीला, आणि गंजलेला भाग काळीला. हे उलटं झालं तर गंज राहतो बाजूला आणि तुमची वस्तूच विरघळते. लक्षात ठेवायला मी एक करून ठेवलंय: वस्तू वजाला, व ला व. पुढं पितळेला ह्याच्या उलटं आहे, पितळ प्लसला, प ला प. हे दोन खडूनं भिंतीवर लिहून ठेवा, आमच्या पडवीत अजून आहेत.

वस्तूवर एका जागी कानसीनं घासून चमकता डाग काढा आणि चिमटा तिथं धरा, गंजावरनं करंट जात नाही. चिमटे पाण्याच्या वर राहिले पाहिजेत, निदान प्लसचा तरी, नाहीतर तांब्याचा चिमटा रात्रीत खाऊन जातो. वस्तू आणि सळई एकमेकांना टेकू देऊ नका. टेकली तर कळेलच, बल्ब लख्ख पेटतो.

चालू केलं की वस्तूच्या अंगावरनं बारीक बुडबुडे उठायला लागतात, ते हायड्रोजनचे. म्हणून हे पडवीत किंवा उघड्यावर करा, बंद खोलीत नको, शेजारी बिडीकाडी नको, आणि चिमटे हलवायच्या आधी प्रत्येक वेळी प्लग काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही. तासाभरात पाणी पिवळसर, मग चहासारखं, आणि वर तपकिरी फेस जमतो, अगदी गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते तसा. तो काढत बसायची गरज नाही. सळईच्या समोर येणारी बाजू लवकर साफ होते, पाठची राहते, म्हणून पाच-सहा तासांनी वस्तू फिरवायची आणि सळया पण घासून घ्यायच्या कारण त्यांच्यावर पापुद्रा बसतो. माझ्या व्हाइसच्या मोठ्या भागाला दोन रात्री गेल्या, स्क्रूला एक. मधे दोनदा लाईट गेली, त्यानं काही बिघडत नाही, आली की परत सुरू.

बाहेर काढल्यावर लोखंड काळं दिसतं, घाबरू नका, तारेच्या ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं ती काळी भुकटी निघते आणि खाली राखाडी धातू. इथं एक घाई करायची असते. आमच्याकडची जुलैची हवा म्हणजे भिंतीला पण घाम, नुसतं पुसून ठेवलं तर चहा पिऊन येईपर्यंत नारिंगी झाक धरते. मी धुतल्या धुतल्या फडक्यानं पुसून हेअर ड्रायरनं चांगलं गरम केलं आणि गरम असतानाच शिलाई मशीनचं तेल चोळलं, आट्यांना ग्रीस. वाळल्यावर जबड्याच्या बाजूला आजोबांनी पंचनं मारलेली तीन अक्षरं दिसली, आजपर्यंत गंजाखाली होती, कोणालाच माहीत नव्हती.

काय बादलीत घालायचं नाही ते पण सांगतो. ॲल्युमिनियम नको, सोडा त्याला खातो. स्प्रिंगा आणि कडक पोलादाच्या बारीक वस्तू नकोत, हायड्रोजन शिरून ठिसूळ होतात आणि नंतर अचानक मोडतात. आणि घरातली जुनी शिलाई मशीन, तिचं मुंडकं तर मुळीच नको, तो काळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी सगळी सुटून वर येईल. मशीनच्या मुंडक्याला तेल आणि सबुरी एवढंच औषध. खालचे बीडाचे पाय मात्र घाला खुशाल, परत रंग द्यायची तयारी असेल तर. उरलेलं गढूळ पाणी म्हणजे गंज आणि सोडा, परसात जिथं काही लावलेलं नाही तिथं ओतलं तरी चालतं.

आता पितळ. ताईनं निपाणीला घर बांधलं, वास्तुशांतीला काय न्यायचं हा प्रश्न होताच, कुकर आणि भिंतीवरचं घड्याळ तर सगळेच आणतात. घराचं नाव ठेवलं अंगण. भावजींचा फोन आला की पाटी करतोयस तर मराठी-कानडी दोन्हीत कर, पोस्टमनची पण सोय. अंगण कानडीत पण अंगणच, म्हणजे शब्द एक, लिपी दोन.

पितळी पत्रा 18 गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरा आतच, 15 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा. उद्यमबागच्या बाजूला जॉबवर्कवाले आहेत त्यांच्याकडं कातरून मिळाला, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यावरनं भाव लावून घ्या. आता व्हाइस होताच. पण व्हाइसच्या दातांचे वळ पितळेवर उठतात, म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे ठेवले, मग कडा कानसून कोपरे गोल केले, चार भोकं. मग पाण्यातनं 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी थिनरचा बोळा. त्यानंतर पत्र्याला बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलावर टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची भुकटी, धरत नाही.

डिझाइन लेझर प्रिंटरवर काढायचं, इंकजेट चालत नाही कारण आपल्याला शाई नको, टोनर पायजे. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, इस्त्रीनं वितळून पत्र्याला चिकटते आणि तेवढा भाग वाचवते, उघडं राहिलेलं पितळ पुढं पाण्यात करंटनं खाल्लं जातं. अक्षरं खोल हवीत म्हणून सगळी पाटी काळी आणि अक्षरं पांढरी अशी प्रिंट, आणि ती मिररमधे, म्हणजे उलटी. कागद मासिकाच्या गुळगुळीत पानाचा. झेरॉक्सवाल्या पोराला मी दोनदा बजावलं मिरर मिरर म्हणून, त्यानं व्हय म्हटलं, मी पण घरी येऊन न बघताच इस्त्री फिरवली, आणि कागद सोलल्यावर पाटीवर अंगण पाठमोरं उभं. चूक माझीच, प्रिंट हातात आल्यावर एकदा आरशासमोर धरायची, आरशात वाचता आली तर बरोबर. थिनरनं पुसून परत सगळं पहिल्यापासनं.

इस्त्री सगळ्यात गरम, वाफ बंद, खाली लाकडी फळी, कागदावरनं पाच मिनिटं दाबून, कोपऱ्यांना जास्त. मग पत्रा गार व्हायच्या आधीच पाण्यात टाकायचा, वीस मिनिटांनी कागद अंगठ्यानं चोळून काढायचा, नखानं नाही. आता नीट बघा. माझ्या पाटीवर मराठीतल्या अनुस्वाराचा टिंब टोनर पसरून बुजला होता, म्हणजे अंगणचं अगण झालेलं, कानडीत अनुस्वार अक्षराच्या शेजारी चांगलं शून्याएवढं गोल असतो म्हणून तो सुखरूप. टिंब टाचणीनं खरवडून उघडा केला. उलट जिथं टोनर उडालाय तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. गोलाच्या आत टोनरचं इवलंसं बेट असतं ते सुटतं बऱ्याचदा, म्हणून फॉन्ट जाड आणि पोटं मोकळी असलेला घ्या, नाजूक कॅलिग्राफी सुंदर दिसते पण इथं टिकत नाही. पाठीमागं आणि कडांना ब्राउन टेप, कडेवर परत नेलपॉलिश.

पाणी ह्या वेळी मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं. खताच्या दुकानात मिळतं, द्राक्षवाले चुन्यात घालून फवारणीचं बोर्डो करतात तेच. लिटरला शंभर ग्रॅम, प्लास्टिकच्या उभ्या डब्यात, हातमोजे आणि चष्मा घालून. निळंशार दिसतं, सरबतासारखं, म्हणूनच पाण्याच्या बाटलीत चुकून पण भरून ठेवू नका, घरात पोरं असतात. पाटी एका बाजूला, समोर पाच-सहा सेंटिमीटरवर साधारण तेवढाच तांब्याचा पत्रा. पितळ प्लसला, तांबं वजाला. पण पिवळी वायर इथं जास्त होते, लाल 5 व्होल्टची घ्या, त्याच बल्बातनं. म्हणजे साधारण एक अँपियर मिळतो, बल्ब जेमतेम लालसर.

किती वेळ ते हिशोबानं काढता येतं. एक अँपियर एक तास चालला की जवळजवळ 1.19 ग्रॅम तांबं सुटतं, पितळेला थोडाफार तोच आकडा. माझ्या अक्षरांचं क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटर धरलं, खोली 0.1 मिलिमीटर हवी तर 1.7 ग्रॅम धातू, म्हणजे दीड तास. मी दोन तास ठेवली. सुटलेलं तांबं समोरच्या पत्र्यावर जाऊन बसतं, म्हणून मिठाच्या पाण्यात कोरताना होतो तसा हिरवा गाळ होत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी प्लग काढून पाटी उचलून बघा, पाण्यात हलवा, नखाला कड लागली की झालं. तासाभरानं माझा बल्ब विझला, बघतो तर पाटी तळाशी. लटकवलेली तांब्याची तारच पाण्याच्या रेषेवर खाऊन तुटली होती, ती पण प्लसलाच ना. तारेला वरपासनं खालपर्यंत नेलपॉलिश लावा, किंवा पत्र्याचाच एक कान पाण्याच्या वर ठेवून तिथं चिमटा लावा, नंतर तो कान कापायचा.

मग धुवून, थिनरनं टोनर काढून, अक्षरांत काळा ऑइल पेंट भरला. पावसात दोन दिवस वाळवला, उन्हाळ्यात एक पुरेल. वाळल्यावर 1000 नंबरचा पेपर काचेवर पालथा चिकटवून पाटी त्याच्यावर गोल गोल घासायची, वरचा रंग निघतो, खोलातला राहतो, आणि अक्षरं एकदम उठून येतात, ह्या क्षणासाठी मी तरी एवढं सगळं करतो. पॉलिश करून वर क्लिअर लॅकर मारायचा होता पण ताई नको म्हणाली, तिला सणाला स्वतः पितांबरीनं घासायची आहे.

मोरचुदाचं पाणी फेकायचं नाही. गटार, विहीर, नाला कुठंच नाही, तांबं थोडंसं जरी गेलं तरी मासे-बेडूक मरतात. गाळून जाड प्लास्टिकच्या कॅनमधे भरा, वर मोठ्या अक्षरांत विष लिहा, परत परत वापरता येतं.

दिवाळीच्या आधी भंगारवाला अण्णा परत आला. व्हाइस बघून काही बोलला नाही, दांडी एकदा फिरवून बघितली. त्याच्या गाड्यावर तीन एसएमपीएस होते, वजनावर घेतले. घरी लावून बघितले तर दोन मेलेले, जांभळ्यावर काहीच नाही.